नितळ आणि निर्मळ

पाणी नितळ असले म्हणजे ते निर्मळ असतेच असे नाही. विहिरीच्या काठी वाढलेल्या पिढीला हे मुद्दाम सांगावे लागू नये. तरीही डोळ्यांना जे स्वच्छ दिसते त्यावर आपण चटकन विश्वास टाकतो. घरातल्या मत्स्यपेटीच्या बाबतीत हा विश्वास महागात पडतो, आणि त्याची किंमत मोजतो तो बिचारा मासा.

आमच्या पुतण्याच्या नव्या पेटीतले तीन गोल्डफिश दहा दिवसांत एकामागून एक मेले. वाळू धुतलेली होती, पाणी आरशासारखे होते. "स्वस्तच आहेत, दुसरे न्या," असे दुकानदार म्हणाला. मुलगा मात्र एकच प्रश्न विचारीत राहिला, "काका, पाणी तर स्वच्छ होतं ना?" जीव स्वस्त आहे म्हणून तो सहज बदलता येतो, हा धडा त्याने या वयात शिकू नये असे आम्हांस वाटले. म्हणून दुसरे मासे आणण्याआधी पाणी तपासण्याचा संच घ्यावा असे आम्ही ठरविले. संचाची किंमत त्या तीन माशांच्या कितीतरी पट होती. त्यावरून घरात थोडी कुजबुज झाली, ती असो. नदीतल्या माशाला पाणी बिघडले तर दुसरीकडे जाता येते. पेटीतल्या माशाला ती वाट आपणच बंद केलेली असते.

संच निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तो काय मोजतो हा आहे. मासा श्वसनावाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. त्याला रंग नाही, आणि माशाला घातक ठरेल इतक्या अल्प प्रमाणात तो आपल्या नाकालाही कळत नाही. गाळणीत व वाळूत वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची शक्ती क्षीण होते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून थोडे थोडे पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. मासे बहुधा दगावतात ते याच काळात. तेव्हा ज्या संचात अमोनिया आणि नायट्राइट या दोहोंची तपासणी नाही, तो नव्या पेटीच्या फारसा कामाचा नाही.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक कागदी पट्ट्यांचा: पट्टी पाण्यात बुडवायची आणि रंग ताडून पाहायचा. काम झटपट होते. परंतु एकाच पट्टीवर पाचसहा तपासण्या देणाऱ्या पुष्कळशा पट्ट्यांत नेमका अमोनियाच नसतो. शिवाय पट्टीला दमट हवा सोसत नाही. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात, जिथे मीठदेखील बरणीत पाझरते, तिथे डबी एकदा उघडी राहिली की पट्ट्यांचा भरवसा उरत नाही. दुसरा प्रकार थेंबांचा. परीक्षानळीत ठरावीक पाणी घ्यायचे, बाटलीतले थेंब मोजून टाकायचे, नळी हलवायची आणि सांगितलेली मिनिटे थांबायचे. यात वेळ जातो. पण उत्तर अधिक नेमके मिळते आणि एक संच पुष्कळ तपासण्यांना पुरतो. आम्ही थेंबांचा संच घेतला.

सामूची, म्हणजे पीएचची, तपासणीही संचात असावी. सामूची ही मोजपट्टी 1909 साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली. तिच्यावर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी खरा विषारी अंश, 25 अंश सेल्सिअस तापमानाला, सामू 7 असताना शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू 8 झाला की तो शेकडा पाचाच्या आसपास जातो. आमच्या विहिरीचे पाणी जड, त्यात डाळ लवकर शिजत नाही. त्याचा सामू 8 निघाला, आणि संचावरचा अमोनियाचा आकडा एकट्याने वाचायचा नसतो हे आम्हांस उमगले. म्हणून पेटीत भरण्यापूर्वी मूळ पाणीच एकदा तपासून घ्यावे. नळाचे पाणी असेल तर त्यातला क्लोरीन आधी काढावा; मासे पाळणारे त्यासाठी हायपो वापरतात.

पुढे आम्ही मासे न आणता पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकीत राहिलो. पुतण्या दर दोन दिवसांनी थेंब मोजी आणि आकडे वहीत लिही. आधी अमोनिया चढला, तो उतरू लागला तसे नायट्राइट चढले. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले. या साऱ्या काळात पाणी पहिल्या दिवसाइतकेच नितळ होते. जे डोळ्यांना एकदाही दिसले नाही, ते त्या वहीत सारे उमटले होते. त्यानंतरच दोन छोटे मासे घरात आले.

वाचकहो, संच घेताना वेष्टनावरची मुदत आवर्जून पाहावी. जुनी रसायने खोटा दिलासा देतात. नायट्रेटची बाटली सूचनेप्रमाणे चांगली जोराने हलवावी, नाहीतर आकडा नसता कमी दिसतो. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरून पाहावा, आणि बाटल्या लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नयेत. एवढे करूनही संच पाणी सुधारीत नाही हे लक्षात असावे. तो फक्त सांगतो. अमोनिया वा नायट्राइट दिसले की खाद्य कमी करणे आणि थोडे पाणी त्याच दिवशी बदलणे, हे काम आपल्याच हातांचे आहे. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने विचारण्याची ही एक साधी सोय आहे.