भीतीची जागा

गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळल्यामुळे आठ दिवस आम्हांला घराबाहेर पडता आले नाही. वेळ जावा म्हणून एका तरुण धर्मग्रामस्थाने आपला संगणक आणून दिला. त्यावर तीन जुने इंग्रजी चित्रपट होते. तिन्ही आम्ही सेमिनरीत असताना, सणाच्या रात्री, भाड्याच्या व्हिडिओवर पाहिले होते. तीसेक वर्षांनी ते पुन्हा पाहिले आणि भीतीची जागा बदललेली आढळली.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) पाहिल्यावर त्या काळी आम्ही खोलीतला दिवा मालवला नव्हता. पछाडलेल्या मुलीची गरकन फिरणारी मान तेवढी ध्यानात राहिली होती. या वेळी तिची भीती वाटली नाही. अस्वस्थ केले ते फादर कॅरस यांच्या दुःखाने. या येशूसंघीय धर्मगुरूंची वृद्ध आई न्यूयॉर्कमध्ये एकाकी मरण पावते आणि सैतान नेमका त्याच जखमेवर बोट ठेवतो. अखेरीस सैतानाला स्वतःच्या देहात ओढून घेऊन कॅरस खिडकीतून झेप घेतात. खाली पायऱ्यांवर त्यांचे मित्र फादर डायर त्यांचा हात हाती धरून पापक्षमा देतात. डायर यांची भूमिका विल्यम ओमॅली या खऱ्याखुऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंनी केली होती, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

'द पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये (१९७२) नववर्षाच्या रात्री प्रचंड लाटेने जहाज उलटते. रेव्हरंड स्कॉट नाताळच्या झाडाची शिडी करून मूठभर प्रवाशांना वर नेतात. दहांपैकी सहा वाचतात. स्कॉट वाचत नाहीत. तरुणपणी तेच आमचे आदर्श होते. जहाजावरचे वयस्क चॅप्लिन मात्र वर चढू न शकणाऱ्या जखमींपाशी थांबतात आणि त्यांच्यासह बुडतात. तेव्हा आम्ही त्यांना दुबळे ठरवले होते. या वेळी आमची दृष्टी त्यांच्यावरून हलेना.

हिचकॉक यांच्या 'आय कन्फेस'मधले (१९५३) फादर लोगन पापनिवेदनाची गुप्तता राखण्यासाठी खुनाचा आरोप स्वतःवर ओढवून घेतात. शेवटी तोच खुनी मरताना त्यांच्याकडे क्षमा मागतो, आणि ते त्याच्यापाशी असतात.

तिन्ही चित्रपटांत मरणाऱ्याजवळ कुणीतरी होते. आम्ही एकदा नव्हतो. काही वर्षांपूर्वी एका रात्री एका आजींच्या घरून बोलावणे आले. दुसऱ्या दिवशी सणाची मोठी मिस्सा होती, प्रवचन अर्धवट होते. आजी कित्येक महिने अंथरुणावरच होत्या. 'सकाळी मिस्सा आटोपून येतो,' असे आम्ही कळवले. पहाटेच त्या गेल्या. मुलाने दोष दिला नाही. 'आई दाराकडे पाहत होती, फादर,' एवढेच तो म्हणाला. ते प्रवचन लोकांना फार आवडले होते.

त्या रात्रीपासून आम्ही कोणतेही बोलावणे सकाळवर टाकलेले नाही. पण त्यामुळे ती रात्र पुसली गेली, असे नाही. आजींच्या मिस्सेत आम्ही देवाकडे क्षमा मागितली. त्यांच्या मुलाकडे मागायचे धैर्य मात्र अजून झाले नव्हते.

संगणक न्यायला आलेल्या तरुणाने हसत विचारले, 'फादर, भीती वाटली का?' आम्ही 'हो' म्हटले. पाय बरा होताच पहिल्यांदा त्या मुलाच्या घरी गेलो.