माशाच्या तेलात मासा

कोलकात्यात इलिश मासा कढईत पडला, की त्याच्या अंगचं तेल सुटतं आणि मोहरीच्या तेलात मिसळतं. बंगाली माणूस ते टाकत नाही, गरम भातावर घेतो. ‘माछेर तेले माछ भाजा’ ही म्हण कळायला असं स्वयंपाकघर पाहावं. माशाच्या तेलात मासा तळायचा, म्हणजे ज्याचं काम त्याच्याच पैशातून उरकायचं, आपल्या पदराला खार लागू द्यायचा नाही. पहिला मासा षष्ठीतला, तेलाचा धनी. दुसरा तळला जाणारा. धन्याचंच भक्ष्य झालं, हे म्हणीनं नुसती विभक्ती बदलून सांगितलं.

शब्द तोच ठेवून रूप बदलण्याच्या या रीतीला कुणी भाषेचा दागिना म्हणतं, ते मला पटत नाही. इथे विचारच त्या रूपांतून चालतो. ‘राजाय राजाय जुद्ध हय, उलुखागडार प्राण जाय’: लढतात राजे, मरतं पायाखालचं गवत. ‘चोरे चोरे मासतुतो भाइ’: चोर चोर मावसभाऊ. अशा जोडीला बंगाली वैयाकरणांनी ‘व्यतिहार कर्ता’ असं खास नाव दिलं आहे. दोघेही कर्ते, क्रिया एकमेकांशी. आपण काट्यानं काटा काढतो, बंगालीही तेच करतात. तृतीयेतला काटा हत्यार, दुसरा वैरी.

आणि रामरक्षा! दिवेलागणीला ती म्हणत वाढलेल्या मुलाला ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. शेवटाकडचा एक श्लोक ‘राम’ या एकाच शब्दाला प्रथमेपासून संबोधनापर्यंत सगळ्या विभक्तींतून नेतो. राम कधी करणारा, कधी ज्याला भजायचं तो, कधी ज्याच्या ठायी मन विरावं तो. सात रूपांत ज्याच्याविषयी बोलणं चाललं होतं, आठव्यात त्यालाच हाक जाते. व्याकरणाचा तक्ता आणि प्रार्थना एवढी एकजीव झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

संस्कृत शिकणारी बंगाली मुलं हाच तक्ता ‘नरः नरौ नराः’ असा घोकतात. विद्यासागरांनी १८५१ साली ‘उपक्रमणिका’ लिहून संस्कृत व्याकरण बंगालीतून सोपं केलं. मराठीच्या विभक्तींचंही कोलकात्याशी जुनं नातं आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये गंगेकाठच्या श्रीरामपूरला छापलं गेलं. वैजनाथ पंडितांची त्याला साथ होती.

शाळेत मात्र शब्द पुन्हा आला, की द्विरुक्ती म्हणून लाल रेघ बसते आणि समानार्थी शब्द सुचवला जातो. ‘काट्यानं कंटक काढावा’ असं म्हणून पाहा. म्हण जागीच संपते. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलानं एकच शब्द दोनदा लिहिला असेल, तर रेघ मारण्याआधी त्याची विभक्ती पाहा.