विस्तवावरचा गारवा

ग्रँड कॅनियन पाहून आलेल्या माणसाने दरीविषयी लिहावे अशी रीत आहे. मी आमच्या ट्रेलरमधल्या फ्रिजविषयी लिहिणार आहे. दरी 277 मैल लांब आणि मैलभर खोल आहे. तिचे माझ्यावाचून काही अडलेले नाही. शिवाय पहिला दिवस आम्ही तिच्या इतक्या जवळ असूनही तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

त्याचे असे झाले. मुलगी आणि जावई ॲरिझोनातल्या फिनिक्सला असतात. गेल्या सप्टेंबरात त्यांनी आमच्यासाठी ट्रेलर भाड्याने घेतला. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचे बिऱ्हाड. बिछाने, शेगडी, मोरी, सगळे चाकांवर. फिनिक्स हजार-अकराशे फुटांवर, भट्टीसारखे तापलेले. तिथून चढत चढत दरीच्या दक्षिण काठावर यावे तो सात हजार फूट होतात. निवडुंग मागे राहतो आणि पाइनची झाडे लागतात. मुक्काम माथर कॅम्पग्राउंडवर. तिथे ट्रेलरला विजेची जोडणी नाही, म्हणून फ्रिज गॅसवर चालवायचा.

सकाळी सौ.ने फ्रिज उघडला. "अहो, हे दही बघा!" दही फसफसले होते. बाहेर आम्ही स्वेटरात कुडकुडत होतो आणि फ्रिजच्या पोटात 62 अंश फॅरेनहाइट!

दह्याचे काय एवढे? पण त्याच्यामागे तिच्या इन्सुलिनच्या कुप्या होत्या. घरून आणलेल्या, दोन महिन्यांच्या. चालू कुपी बाहेर चार आठवडे निभावते. बाकीच्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. दुपारी ट्रेलर तापल्यावर काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि कोणी तो उच्चारला नाही. जावई बर्फ आणायला निघाले. "बर्फाला टेकू देऊ नका हं," ती म्हणाली, "गोठलं तरी फुकटच." आणि तिने जुन्या पातळाचा तुकडा भिजवून कुप्यांच्या डब्याभोवती गुंडाळला व डबा सावलीत वाऱ्याला ठेवला. मला हसू आले. मडक्याची अक्कल इथे काय कामाची!

मी एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षे काढलेली. म्हटले, कॉम्प्रेसर पाहू. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाची जाळी काढली, तो आत कॉम्प्रेसरच नाही! मोटर नाही, पट्टा नाही. नुसते काळ्या नळ्यांचे वेटोळे आणि तळाशी रॉकेलच्या चिमणीएवढी एक ज्योत. थंड करायच्या यंत्राखाली विस्तव!

माझा चेहरा पाहून शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा उठून आले. नेब्रास्काचे निवृत्त शेतकरी. नळ्यांवरून बोट फिरवत त्यांनी मला सारे समजावले. आत अमोनिया आणि पाणी यांचे मिश्रण असते. ज्योतीने अमोनिया वायू होऊन वर चढतो, वर निवून त्याचा द्रव होतो आणि फ्रिजच्या पाठीत उतरतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो. त्याच्या संगतीत अमोनिया भराभर उडतो आणि उडता उडता दह्यादुधातली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला पुन्हा पोटात घेते, की फेरा सुरू. 1922 साली स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांची ही करामत. अलीकडे ट्रेलरमध्ये बॅटरीवरचे कॉम्प्रेसर येऊ लागले आहेत; आमचा जुन्या वळणाचा होता.

उडता उडता उष्णता नेतो! मी मुकाट्याने त्या ओल्या पातळाकडे पाहिले. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ते एव्हाना अर्धे वाळले होते. सौ. त्याच्यावर पुन्हा पाणी शिंपडत होती.

आजोबांनी आधी नाक लावले. अमोनियाचा वास नाही, नळ्यांवर पिवळी पूडही नाही. म्हणजे नळी फुटलेली नव्हती. फुटली असती तर सारे वेटोळेच बदलावे लागते. मग त्यांनी फ्रीझरच्या तळावर पाणसळ ठेवली. ट्रेलर एका अंगाला कलला होता. आतला द्रव आपल्याच वजनाने उतारावरून वाहतो, कलल्यावर तो मध्येच तुंबतो. चाकाखाली फळ्या सारून ते निस्तरले. पण खरा आजार ज्योतीत होता. ती निळी, ठाम हवी; आमची पिवळी, लवलवती. हवा विरळ, हे एक कारण. अशा उंचीवर गॅसपेक्षा वीज बरी, असे ते म्हणाले. दुसरे कारण बर्नर उघडल्यावर दिसले: काजळी, आणि नळीत कोळ्याचे जाळे.

सिलिंडर बंद करून जेट काढला. केसाएवढे भोक, तेही बुजलेले. आता हे काम माझे! स्टोव्हला पिन मारण्यात आमची पिढी गेली. "अगं, पिन दे," म्हणालो. सौ.ने बांगडीची सेफ्टीपिन काढून हातावर ठेवली. मी ती भोकाला लावणार, तेवढ्यात आजोबांनी माझे मनगट धरले. भोक तसूभरही रुंदावले तर गॅस जास्त सुटतो आणि काजळी कायमची! जेट स्पिरिटमध्ये भिजवायचा आणि हवेवर वाळवायचा, बस. स्पिरिट कुठून आणणार? सौ.ने इंजेक्शनच्या पिशवीतली बाटली पुढे केली.

मी बर्नर आणि धुराडे ब्रशने झाडले. सगळे जोडून सांध्यांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही, तेव्हा गॅस सोडला. ज्योत निळी लागली. पण हे यंत्र घाईचे नव्हे. दुपारभर कुप्या बर्फाच्या पेटीत, पातळात गुंडाळलेल्या. रात्री मी तीनदा उठलो. 55. 46. पहाटे 39.

त्या पहाटेच माथर पॉइंटवर गेलो. उजेड वरच्या कड्यांवरून एकेक थर खाली उतरत होता. सौ. कठड्याला धरून उभी होती, बराच वेळ गप्प. तिला काहीतरी बोलायचे आहे असे वाटून मी जवळ गेलो.

"अहो," ती म्हणाली, "फ्रिजचं दार नीट लावलंत ना?"