सावेडीची पहाट आणि झोताची रुंदी

अहिल्यानगर हे नाव शासनदरबारी 2024 पासून रूढ झाले. बोलण्यात मात्र अजून ‘नगर’च आहे. मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराची जुनी वस्ती किल्ला, पेठा आणि बाजार यांच्याभोवती दाटलेली. तिच्या उत्तरेला, मनमाड रस्त्याच्या अंगाने, सावेडी. एके काळचे वेशीबाहेरचे खेडे आज प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता, तपोवन रस्ता अशा नावांनी पसरले आहे. ज्यांची दुकाने आजही आडते बाजारात, दाळमंडईत किंवा कापड बाजारात आहेत, अशी अनेक कुटुंबे राहायला इकडे आली. गल्लीतील वाड्याच्या जागी अंगण आले, दारात गाडी आली आणि घरातील वडीलधाऱ्यांना पहाटे फिरायला रुंद रस्ते मिळाले.

या पहाटेच्या फिरण्याला वेळेची एक अडचण आहे. जानेवारीत नगरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्याचा फेरफटका बहुतेक अंधारातच पुरा होतो. रस्त्यावर दिवे असतात, पण दोन खांबांमधील पट्टा काळाच राहतो, आणि वळण घेऊन आतल्या गल्लीत शिरावे तर खांबही विरळ होतात. पाय अडखळतो तो रस्त्याच्या मधोमध नव्हे, कडेला. बांधकामापुढे सांडलेली खडी, मुळांनी उचललेला फरशीचा तुकडा, चेंबरचे वर आलेले झाकण, अंगाचे वेटोळे करून निजलेले कुत्रे. गाडीला वाट देण्यासाठी पायी चालणारा जिथे सरकतो, तिथेच हे सारे असते. साठी ओलांडलेल्या माणसाला तेथील एक पडणे खुब्याच्या हाडावर जाऊ शकते, आणि मग ज्या फिरण्यासाठी तो बाहेर पडला तेच थांबते. म्हणून मुले-सुना आग्रहाने डोक्याला लावायची बॅटरी आणून देतात. हात मोकळे राहतात, काठी धरता येते, माळेचे मणीही ओढता येतात.

खरेदी करताना मात्र नजर चुकीच्या आकड्यावर जाते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते ते अंतर: 100 मीटर, 200 मीटर. दुकानदारही बॅटरी पेटवून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर झोत टाकून दाखवतो, आणि लखलखीत ठिपका पाहून ग्राहक खूश होतो. हे अंतर कसे मोजतात ते कळले तर खुशी थोडी ओसरेल. बॅटऱ्यांच्या मोजमापाचे जे मानक जगभर वापरले जाते, त्यात झोताचे अंतर म्हणजे प्रकाश 0.25 लक्सपर्यंत उतरतो ती जागा. स्वच्छ आकाशातील पौर्णिमेचे चांदणे साधारण तितकेच असते. म्हणजे ‘100 मीटर’चा अर्थ शंभर मीटरवर चांदण्याइतका उजेड, आणि तोही झोताच्या अगदी मध्यावर. शिवाय हा आकडा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग एकच आहे: तेवढाच उजेड अरुंद झोतात कोंबायचा.

झोताची रुंदी अंशांत सांगतात. शंभर ल्युमेनची, म्हणजे मध्यम ताकदीची बॅटरी घेतली आणि तिचा सगळा उजेड झोतात सारखा पसरतो असे धरले, तर हिशेब सोपा आहे. झोत 10 अंशांचा असेल तर वीस मीटरवर सुमारे 10 लक्स पडतात. लांबचा फाटक, झाडाचा बुंधा, विहिरीचा कठडा दिसतो. पण तोच झोत पायांपुढच्या जमिनीवर, डोक्यापासून सुमारे 2.4 मीटरवर, जेमतेम 42 सेंटिमीटर रुंदीचे वर्तुळ पाडतो. एका ताटाहून थोडे मोठे, आणि डोळे दिपवील इतके पांढरे. त्याच्या कडेला मिट्ट काळोख, कारण त्या ठिपक्याकडे पाहून बाहुली आकसलेली असते. झोत 60 अंशांचा केला की तीच जागा पावणेतीन मीटर रुंद उजळते आणि तेथे सुमारे 20 लक्स उरतात. चांदण्याच्या ऐंशीपट! चालायला याहून अधिक काय हवे? किंमत एवढीच की वीस मीटरवर हाच उजेड चांदण्याइतका फिका होतो. सावेडीच्या गल्लीत वीस मीटरवरचे पाहण्याची गरज कितीदा पडते, हे ज्याचे त्याने ठरवावे. बहुतेकांना पडत नाही.

चालताना किती पुढे पाहावे, याचे माप या मासिकाच्या वाचकांना नवे नाही. ईर्यासमितीत पुढील जमीन जुवाच्या लांबीइतकी, म्हणजे साडेतीन ते चार हात, निरखून पाऊल टाकायचे असते. चार हात म्हणजे सहा फूट. उभ्या माणसाच्या कपाळापासून तेथपर्यंतचे तिरके अंतर काढले तर ते सव्वादोन ते अडीच मीटर भरते. वरचा हिशेब याच अंतरासाठी केला आहे. त्या मापामागचा हेतू जीवरक्षेचा. मुंगीची रांग, गोगलगाय, पावसाळ्यात रस्त्यावर आलेली गांडुळे चार हातांवर दिसली तर पाऊल वळवायला वेळ मिळतो. पायाखाली आल्यावर दिसली तर मिळत नाही. पण रांग काही झोताच्या मध्यावरून जाईलच असे नाही. ती डावीकडून येते, आणि अरुंद झोताला डावीकडे काहीच नसते. मान सतत हलवत राहावी तर दहा मिनिटांत मान दुखते आणि लक्ष जपावरून उडते ते वेगळेच.

रुंद झोतालाही एक खोड आहे. तो खाली पसरतो तसा वरही पसरतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पहाटे समोरून येणारे सहसा ओळखीचेच निघतात. ‘जय जिनेंद्र’ म्हणण्यासाठी मान वर केली की बिचाऱ्याला पुढची काही मिनिटे रस्ता दिसत नाही. अंधाराला पुरते सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एका झगझगाटात ती कमाई जाते. म्हणून दिवा खाली झुकवता येणारा घ्यावा आणि तो खरोखर झुकवावाही. झोताची वरची कड समोरच्या माणसाच्या छातीखाली राहिली म्हणजे पुरे. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असल्यामुळे वस्तूंच्या सावल्या वस्तूंच्याच मागे लपतात आणि खड्डा सपाट भासतो. हातातल्या किंवा कमरेच्या दिव्याने सावली लांब पडते, खोली कळते. खडबडीत रस्त्यावर कपाळावरचा दिवा काढून पट्टा हाताला गुंडाळणारे अनुभवी लोक दिसतात, त्याचे कारण हेच.

वस्तीतून भिस्तबागेच्या बाजूला गेले की हवा पालटते. निजामशाहीच्या काळात इथे बाग होती. ‘बहिश्त’ म्हणजे स्वर्ग. लोकांच्या जिभेवर त्याची भिस्त झाली आणि स्वर्ग चौकाच्या पाटीवर येऊन बसला. पुराण्या महालाची वास्तू अजून उभी आहे, पण भोवतीच्या इमारतींनी तिला जवळजवळ शेजारी करून टाकले आहे. पश्चिमेला मनमाडचा महामार्ग. शिर्डीला पायी जाणारे पदयात्री याच रस्त्याने रात्री चालतात, आणि चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहारही याच बाजूने होतात. विहारात दिव्याला स्थान नाही. अग्निकायाचा आरंभ त्यांना वर्ज्य. सोबतच्या श्रावकांनी इथे एक फरक ओळखावा: डोक्यावरचा दिवा आपल्याला रस्ता दाखवतो, मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला आपण मात्र दिसत नाही. महामार्गावर जीव जातो तो मागून. तिथे झोताच्या रुंदीपेक्षा पाठीवरचे चमकते जाकीट आणि रांगेच्या शेवटी चालणाऱ्याकडचा लाल दिवा अधिक मोलाचा आहे. सूर्य वर येईपर्यंत थांबणे त्याहूनही मोलाचे, आणि ते शास्त्राला धरूनही आहे.

सुटीच्या दिवशी सावेडीकरांची पावले शहर ओलांडून पूर्वेला वळतात. पाथर्डी रस्त्यावर सुमारे 13 किलोमीटरवर शाह डोंगर, आणि माथ्यावर लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती अष्टकोनी तीन मजली वास्तू. खरे तर ती सलाबतखानाची कबर; चांदबिबीचा तिच्याशी संबंध नावापुरता. उगवता सूर्य पाहायचा तर चढण अंधारात चढावी लागते. वाट वळते तिथे पुढचे वळण दिसावे म्हणून थोडा लांबचा झोत उपयोगी पडतो, म्हणजे ज्या बॅटरीत रुंद आणि अरुंद असे दोन दिवे स्वतंत्र बटणांवर असतात ती इथे शोभते. वास्तूत शिरल्यावर, जाड भिंतीतील अरुंद जिन्यात, अरुंद झोत निरुपयोगी होतो. तो समोरच्या दगडावर आपटून डोळ्यांत परततो आणि पायरीची कड दिसतच नाही. पावसाळी धुक्यातही तसेच. जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, 1646 मीटरच्या कळसूबाईवर रात्री चढणाऱ्यांना लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात लागतात. तिथे डोक्यावरच्या दिव्याला पर्याय नाही. त्याच तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात, पाऊस सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे काजव्यांचे. काजव्याचे लुकलुकणे ही नर-मादीची एकमेकांना घातलेली साद आहे. माणसाच्या दिव्यात ती विरून जाते. तिथे कुठलाच झोत योग्य नाही. दिवा बंद करावा आणि डोळे सरावेपर्यंत उभे राहावे.

रोजच्या कामाकडे परत यायचे तर आडते बाजारातील वखार पाहावी. पोत्यांच्या थप्पीमागे वजनाची चिठ्ठी शोधणे, माळ्यावरचा माल मोजणे, वीज गेली असता मीटरच्या पेटीत डोकावणे. ही सगळी कामे हाताच्या अंतरावरची. इथे 60 अंशही कमी पडतात. 90 ते 120 अंशांचा, पट्टीसारख्या दिव्याचा झोत घ्यावा आणि उजेड सर्वांत कमी ठेवावा. शंभर ल्युमेन 120 अंशांत पसरले तरी चाळीस सेंटिमीटरवरच्या कागदावर 200 लक्स पडतात. चिठ्ठी वाचायला ते भरपूर. उजेड पिवळसर असला तर उत्तम, कारण निळसर पांढऱ्या दिव्याकडे किडे अधिक ओढले जातात, आणि कपाळावरच्या दिव्याकडे येणारा किडा तोंडावरच येतो. धान्याच्या दुकानात हा विचार दोन्ही अंगांनी करण्यासारखा आहे.

म्हणजे एकाच घरात एकच दिवा घ्यायचा असेल तर तो साधारण 60 अंशांचा, उजेड कमी-जास्त करता येणारा आणि खाली झुकणारा असावा. अडचण अशी की कित्येक खोक्यांवर अंश लिहिलेलेच नसतात. त्यासाठी दुकानातच एक परीक्षा करता येते. भिंतीपासून दोन मीटरवर, म्हणजे सुमारे साडेचार हातांवर उभे राहून झोत भिंतीवर सरळ टाकावा. उजळ वर्तुळाची रुंदी भिंतीपासूनच्या अंतराइतकी, म्हणजे दोन मीटर, भरली तर झोत सुमारे 53 अंशांचा आहे; चालायला चांगला. अंतराच्या निम्मीच भरली तर तो 28 अंशांचा. वाटेवर चालेल, वखारीत नाही. वर्तुळ ताटाएवढेच दिसले तर बॅटरी परत खोक्यात ठेवायला सांगावे. ही परीक्षा दुपारी दुकानाच्या लख्ख उजेडात जमत नाही, कडेचा फिका भाग दिसत नाही म्हणून. दिवेलागणीला, शटर अर्धे ओढायच्या वेळी जावे.