दस्त्याचा सांधा

डभोईतील आमच्या घरी, देवघराला लागून असलेल्या खोलीत, भिंतीतल्या कुलूपबंद कपाटात एक दुनळी बंदूक आहे. बारा बोराची, घडण बर्मिंगहॅमची. आमचे आजोबा गोमंतकातून बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि डभोईच्या वहिवाटदार कचेरीत कारकून म्हणून स्थिरावले. गावाबाहेर त्यांनी थोडे शेत घेतले आणि त्या शेताच्या राखणीसाठी परवाना काढून ही बंदूक. त्यांच्यामागून ती वडिलांकडे आणि वारसाहक्काने रीतसर आमच्याकडे आली. आम्ही स्वतः आजवर एक कबूतरही मारलेले नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची गोष्ट तर दूरच राहिली. वर्षातून एकदा खंडेनवमीला पाटावर बसण्यापुरतेच तिचे अस्तित्व.

डभोईत मराठी माणूस आणि बंदूक यांचा संबंध जुना आहे व फारसा सुखाचा नाही. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची सैन्ये एकमेकांवर तुटून पडली आणि त्र्यंबकराव गोळी लागून हत्तीवरच गतप्राण झाले. आमच्या बंदुकीच्या वाट्याला असला इतिहास नाही. तिचे वैरी म्हणजे रानडुकरे आणि रोझ.

गेल्या वर्षी पूजेच्या वेळी तिचा दस्ता हाताला चिकटला. दस्त्यावर कोणीतरी कधीकाळी जाड, काळसर रोगण चढवले होते. ते पावसाळी हवेत मऊ होऊन धूळ धरू लागले होते. हे काम घरी करावे असा आम्ही संकल्प सोडला. नळ्या, चाप, घोडे यांना मात्र हात लावायचा नाही, हे पथ्य पहिल्यापासून ठरलेले. वडोदऱ्यातील एका परवानाधारक कारागिराने लाकूड लोखंडापासून सोडवून दिले. लोखंड त्याच्याकडे रीतसर पावतीने राहिले. घरी आले ते केवळ लाकूड.

लाकूड अक्रोडाचे होते. बंदुकीला अक्रोडच का, याचे उत्तर ते हातात घेतल्यावर कळते. ते मजबूत असून जड नाही, हवेप्रमाणे वाकत नाही आणि बाराचा धक्का सोसते. रोगणावर एका कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून पाहिला, तो ते लगेच विरघळून बोटाला ओढ देऊ लागले. म्हणजे लाखच. मग स्पिरिटात भिजवलेल्या फडक्याने एकेक वीत जागा मोकळी करीत आम्ही बसलो. मुठीवरच्या जाळीदार कोरीवकामात मऊ दातांचा ब्रश फिरवला. तिथे पॉलिशकागद लावणे म्हणजे देवाच्या मूर्तीचे नाक घासण्यासारखे! जिथे लाकूड दबून खळगे पडले होते तिथे ओले फडके ठेवून वरून तापलेली इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगून वर आले. या यशाने आमची मान ताठ झाली आणि त्याच दुपारी, पॉलिशकागद घेऊन, लोखंड बसते त्या कडेला आम्ही नको तितके घासले. आता तिथे लाकूड लोखंडापेक्षा केसभर खाली आहे. घासलेले लाकूड परत येत नाही.

दस्त्याच्या बुडाशी आलो तेव्हा काळ्या रोगणाखालून एक सरळ आडवी रेघ निघाली. प्रथम तडा वाटला. पण तडा इतका सरळ कसा असेल? रेघेपलीकडचे लाकूड पिवळट, वेगळ्या पोताचे होते. ते सागवान होते! सव्वा इंचाचा एक तुकडा मागाहून जोडलेला. आणि त्या सांध्याच्या फटीत लालसर पूड दाटून बसली होती. नखाने काढून पाहिली. कुंकू.

चापापासून बुडापर्यंतची लांबी ही बंदूक धरणाराच्या हाताप्रमाणे ठेवतात. पुरुषाला साधारण १४ इंच. सागवानी तुकडा वजा केला तर या बंदुकीची लांबी पावणेतेरा भरत होती. आमचे आजोबा तर दारातून वाकून आत येत. मग ही बंदूक कापली कोणासाठी?

आईला विचारले. ती आता नव्वदीला टेकली आहे. ती बराच वेळ लाकडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सासूबाईंसाठी. मामंजी कचेरीच्या कामाने बडोद्याला गेले की माळ्यावर त्या बसत. हवेत बार काढायच्या, रोझ पळायचे. संखेड्याच्या एका खराद्याकडून दस्ता कापून घेतला होता. पुढे कूळकायद्यात शेत गेले, तेव्हा मामंजींनी तुकडा जोडून घेतला. त्या कधी बोलल्या नाहीत. मला एकदाच सांगितले, तेही जोंधळा निवडताना.”

आम्हाला आठवते ती आजी ठेंगणी, नऊवारीतली, देवाच्या आरतीतसुद्धा आवाज न चढवणारी. खंडेनवमीला आम्ही मुले बंदुकीकडे झेपावलो की तिचे “हात लायनाकात” एवढे दोनच शब्द. सारे जण नळीला गंध लावीत. ती मात्र दस्त्याच्या बुडाला कुंकू लावी. बायका पायाशी पूजा करतात, तसेच हे, अशी आमची समजूत. परवान्यावर नाव आजोबांचे, घरात बोलण्यातही ‘आजोबांची बंदूक’. साठ वर्षे आम्हीही तेच म्हणत आलो.

डभोईच्या हिरा भागोळेची एक दंतकथा इथे लहान मुलांनाही ठाऊक असते. वेस बांधणाऱ्या हिऱ्याला राजाने भिंतीत चिणले आणि त्याच्या बायकोने दगडांच्या फटीतून तूप ओतून त्याला जगवले, अशी. लहानपणी ती ऐकताना आमचे सारे लक्ष हिऱ्याकडे असे.

पुढचा प्रश्न रंगाचा होता. जवसाच्या तेलात रतनजोत भिजवली की तेलाला तांबूस छटा येते. विलायती दस्ताकार जी मुळी वापरीत ती त्याच कुळातली. तेवढ्याने सागवान अक्रोडात मिसळून गेले असते आणि सांधा पुन्हा दिसेनासा झाला असता. रतनजोत आणून ठेवलीही होती. ती तशीच पुडीत राहिली.

अक्रोडाला नुसते जवसाचे तेल दिले. रोज थोडे, तळहाताने ऊब येईपर्यंत चोळून. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि तसे होताना तापते. म्हणून तेलकट फडकी चुरगळून टाकू नयेत, पसरून वाळवावीत. बोळा केला तर आपोआप पेट घेतो. सागवानावर मात्र हे तेल चार दिवस ओलेच राहिले. त्याच्या अंगचे तेल याला सुकू देईना. शेवटी ओरसंगकाठच्या संखेड्याला गेलो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सागावर लाख चढवण्याचे काम चालते. चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पानाने आणि अकिकाने झिलई देतात. एका वृद्ध खराद्याने तुकडा बोटाने चाचपला, सांधा पाहिला आणि “हे आमच्याकडचेच काम” एवढे बोलून आम्हाला पातळ लाख देऊन वाटेला लावले. पैसे घेतले नाहीत.

आता दस्ता दोन रंगांचा आहे. आमच्या धाकट्या बंधूंना तो ठिगळ लावल्यासारखा वाटतो. कडेची ती केसभर चूक अजून त्यांच्या नजरेला आलेली नाही, हे आमचे भाग्य.

यंदा खंडेनवमीला आईला खुर्चीसकट पाटापाशी आणून बसवले. तिचा हात कापत होता. करंगळीशेजारच्या बोटाने तिने कुंकू घेतले, नळीकडे पाहिलेही नाही, आणि बूड चाचपत ते नेमके सांध्यावर लावले. थोडे फटीत गेले. आम्ही ते पुसले नाही.