पाइनवनांतील रक्तपुष्प

कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतावर बर्फ वितळूं लागलें, कीं पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर फोडून एक जाडसर, रक्तवर्ण कोंब वर येतो. तिकडे त्यास ‘स्नो प्लँट’ म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी: उंची वीत-दीड वीत, देंठ, खवल्यांसारखीं पानें, घंटाकार फुलें, सारेंच तांबडें. ‘पाइनड्रॉप्स’ हें त्याचें भावंड मात्र सडपातळ व बरेंच उंच. हरितद्रव्य नसल्यामुळें हा कोंब आपलें अन्न स्वतः करीत नाहीं; वृक्षमुळांशीं जडलेल्या बुरशीच्या द्वारें तो वृक्षाचेंच अन्न घेतो. तो संबंध तुटला कीं तो जगत नाहीं. म्हणून मुलें उपटावयास धावलीं, तेव्हां आम्हीं त्यांस थांबविलें. न कमावणारा एखादा आप्त प्रत्येक मोठ्या घरांत असतोच. त्यास कोणी उंबऱ्याबाहेर काढीत नाहीं.