अण्णांची अंगठी

आमच्या दौलताबादेत दगडाला तोटा नाही. किल्ला दगडाचा, त्याचा खंदकही अखंड कातळ फोडून काढलेला. घाट चढून खुलताबादला जा, नाहीतर पुढं वेरूळला. सगळीकडं हाच काळा दगड. पण ह्या काळ्या दगडाच्या पोटात कुठं कुठं पोकळी असते, अन् त्या पोकळीत पांढरा, दुधी, मधाच्या रंगाचा अकीक सापडतो.

१९७२ च्या दुष्काळात अण्णा खडी फोडायला जायचे. सीताफळाची झाडंसुद्धा वाळून गेली होती. एके दिवशी घणाखाली दगड फुटला अन् आतून बोराएवढा मधाळ तुकडा निघाला. अण्णांनी तो धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणला. पुढं बरं साल आल्यावर शहरातल्या एका नगिनेवाल्याकडून घासून घेतला आणि सोनाराकडून चांदीच्या अंगठीत बसवला. कोंदण खालून उघडं, खडा बोटाला टेकेल असं.

ती अंगठी त्यांनी कधी काढली नाही. औत हाकताना नाही, विहिरीत उतरताना नाही. पारावर लोक विचारायचे, "शनीचा खडा हाय का?" कुणी म्हणायचं, "दर्ग्यावरून आणला असंल." अण्णा सगळ्यांनाच "हाव" म्हणायचे. मी शाळा शिकलेला. मला त्यांचा राग यायचा. एकदा तोंडावर म्हणालो, "खड्यानं पाऊस पडत असता तर दुष्काळ कशाला पडला असता?" ते नुसते हसले अन् अंगठी बोटावर फिरवत बसले.

अण्णा गेले तेव्हा अंगठी निघेना. पेर सुजलं होतं. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या, जाऊ द्या संगं. चांदी ती केवढीशी!" कोपऱ्यात बसलेली आई एकदम उठली. "साबण लावा, पण काढा. त्याच्यात माझ्या लेकराचे वाळे हैत."

माझ्या आधी एक भाऊ झाला होता. दुष्काळातच गेला, वर्षाचाही नव्हता. घरात तो विषय कुणी काढत नसे. त्याच्या पायातले वाळे आईनं डब्यात जपून ठेवले होते. अण्णांनी तेच सोनाराला दिले होते. सोनारानं मुशीत टाकणखार घालून ते आटवले अन् त्याच चांदीची अंगठी घडवली.

आता वेरूळच्या रस्त्याला दुकानांत खड्यांच्या अंगठ्या मिळतात. कोणता ग्रह, कोणतं बोट, दुकानदार सगळं सांगतो. पूर्वी मी हसायचो. आता हसत नाही. घेणाऱ्याच्या मनात काय असेल, आपल्याला काय माहीत!

अंगठी मला सैल होते. सोनार म्हणाला, "घासलीय फार. आटवून नवी करून देतो, खडाही चांगला टाकू." मी म्हणालो, "नको. एकदा आटवलीय ती."

आईनं खालून दोरा गुंडाळून दिला. तो मळला की मी बदलतो.